राख आणि लिंबोणी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझी बायको चाकणला कंपनीत गेली. दुपारी कंपनीतून फोन आला. जिन्यात पडली, दवाखान्यात नेईपर्यंत गेली, असं सांगितलं. संध्याकाळी आम्ही तिला चिखलीला आणलं आणि दहन केलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी वेगळ्या काढल्या, त्या आळंदीला इंद्रायणीत गेल्या. राखेतली थोडी घरी आली. तिच्या माहेरी तशी रीत आहे. ती मूळची इथलीच, चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातली. त्या घरात माणूस गेलं की अस्थी नदीला आणि ओंजळभर राख आपल्या रानात. तिच्या आजोबांची राख उसाच्या सरीत घातली होती, वडिलांची विहिरीच्या कडेला. दोन्ही जागांवर आता इमारती उभ्या आहेत. रानाचा एक पट्टा तेवढा राहिला आहे, तोही वरून विजेच्या मोठ्या तारा जातात आणि खाली बांधायला परवानगी मिळत नाही म्हणून. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जमिनींचे व्यवहार करतो. त्यानं तो पट्टा ट्रेलर उभे करायला भाड्यानं दिला आहे. राख कुठे घालायची हा प्रश्न निघाला तेव्हा त्यानं पट्ट्याचं नाव काढलं.

"चाकाखाली न्हाई घालायची माझी पोर," सासूबाई म्हणाल्या.

मग कोणी काही सुचवेना. आमचं घर त्याच जुन्या रानातल्या दीड गुंठ्यावर आहे. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवलेले, कडेला सिमेंटचा कट्टा. उघडी माती घरात एकाच ठिकाणी होती, गच्चीवरच्या निळ्या पिंपात. भोसरीच्या कारखान्यांतून रिकामी झालेली प्लॅस्टिकची पिंपं भंगारवाले अर्धी कापून विकतात. तसं एक बायकोनं रिक्षात घालून आणलं होतं आणि त्यात लिंबोणी लावली होती. झाड छातीपर्यंत वाढलं होतं. आदल्या वर्षी त्याला लिंबं आली होती.

सासूबाई राखेचा तांब्या घेऊन वर गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी खुरप्यानं खोडाभोवती माती मोकळी केली, तांब्या उपडा केला, वरून माती ओढली आणि हातानं पाणी शिंपडलं. राख ओंजळीपेक्षा बरीच जास्त होती. ते मला दिसलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पण कोणी काही बोलावं अशी ती वेळ नव्हती, आणि माझ्याही मनात त्या क्षणी झाड नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. सासूबाई गेल्या नाहीत. मेहुण्याचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, त्यांची खोली तिथे आहे, पण त्या खालच्या खोलीत गादी टाकून राहिल्या. मीही काही विचारलं नाही. आम्हाला मूल नाही. माझे आईवडील लातूरकडे होते, ते कधीच गेले. घरात दोनच माणसं राहिली, एकमेकांशी तिच्यामार्फत बोलायची सवय असलेली. मी त्यांना मामी म्हणतो. त्या मला जावईबापू म्हणतात आणि अजूनही माझ्यासमोर डोक्यावर पदर घेतात.

सकाळी उठून त्या पहिल्यांदा गच्चीवर जात. लिंबोणीला पाणी घालणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. घरात पाणी शुद्ध करायचं आरओचं यंत्र आहे. ते जेवढं प्यायचं पाणी देतं त्याहून जास्त टाकाऊ पाणी एका नळीतून बाहेर सोडतं. आमच्या भागात बहुतेक घरांत त्या नळीखाली बादली असते आणि ते पाणी कुंड्यांना जातं. वाया घालवायला पाणी आहे कुठे? नळाला एक दिवसाआड येतं. सासूबाई ती बादली जिन्यानं वर नेत. मी नेतो म्हटलं तर म्हणत, "असू द्या. मला तेवढंच हाय."

पहिल्यांदा पानांची टोकं करपली. मग कडा. एप्रिलमध्ये नवी पालवी आली ती पिवळी आली, शिरा मात्र हिरव्या. मातीवर पांढरट पापुद्रा धरला होता. नखानं खरवडला तर पिठासारखा सुटायचा.

सासूबाईंना त्याचं नवल वाटलं नाही.

"दुखवटा धरलाय त्येनं," त्या म्हणाल्या. "मानसावानी असतंय झाड."

मी आधी आरओच्या पाण्यावर संशय घेतला. यंत्र जे क्षार प्यायच्या पाण्यातून काढतं ते सगळे त्या टाकाऊ पाण्यात जातात, तेव्हा संशय रास्त होता. बादली मी फरशी पुसायला वळवली आणि झाडासाठी नळाच्या पाण्याचा हंडा भरून ठेवू लागलो. सासूबाईंना एवढंच सांगितलं की झाडाला गोडं पाणी मानवेल. त्यांनी ते ऐकलं. दोन आठवडे वाट पाहिली. झाड आणखी उतरलं.

मग मी कॉलेजातून आम्ल-अल्क दाखवणारा पीएच पेपर आणला. पिंपातली चमचाभर माती पाण्यात कालवली आणि पट्टी बुडवली. पट्टी गडद निळी झाली, म्हणजे माती फार अल्कधर्मी. एवढा निळा रंग नुसत्या आरओच्या पाण्यानं येत नाही. तो राखेचा रंग होता.

इथे थोडं मुळांबद्दल लिहायला हवं.

माझ्या बायकोचं कामच मिठाचं होतं. ती गुणवत्ता विभागात होती. गाड्यांचे बोल्ट, क्लिपा, पट्ट्या जस्ताचा मुलामा, म्हणजे प्लेटिंग, चढून येत. त्यातले काही नग एका बंद पेटीत टांगायचे, पेटीत मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि गंज केव्हा दिसतो ते पाहायचं. आधी पांढरा गंज येतो, मग तांबडा. पांढऱ्या गंजाला ती रडणं म्हणायची. "आज एक अख्खा लॉट रडला," असं चपला काढता काढता सांगायची, आणि मला चेहऱ्यावरून कळायचं की लॉट परत पाठवताना कोणाशी तरी वाजलं आहे.

एकदा मी मुळांवरचा धडा काढून बसलो होतो. ती भाजी निवडत होती.

"अहो, तुमच्या मुळांना प्लेटिंग असतं का?"

"असतं. पण आतून."

"आतून? मग वरचं सडलं तर?"

"वरची साल मिठाच्या हवाली करतात. आतली नळी सांभाळतात. पाणी तिच्यातून वर जातं."

"आणि हे प्लेटिंग करतं कोण?"

"मूळ स्वतःच. लागेल तिथे चढवतं, नको असेल तेव्हा काढून टाकतं."

"काढून टाकतं? मग आमच्या प्लेटरला पाठवते तुमच्या वर्गात. त्याचं न काढताच निघतं."

मी तिला सांगितलं ते ढोबळ होतं, पण चूक नव्हतं. मुळाच्या आत, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांभोवती पेशींचं एक कडं असतं. पाठ्यपुस्तकात त्याला अंतस्त्वचा म्हणतात. त्या पेशींच्या भिंतींवर बुचासारखा एक मेणचट थर चढतो. मातीत मीठ वाढलं की मूळ हा थर जाड करतं आणि अधिक पेशींवर चढवतं, म्हणजे मीठ आतल्या नळीत शिरायला वाट कमी राहते. उलट लोह, जस्त, मँगनीज कमी पडलं की तोच थर पातळ होतो, काही पेशींवरून जातोही, म्हणजे जे मिळेल ते आत यायला मोकळीक होते. मुळाला जागा सोडता येत नाही, पण ते आपली वाढ वळवू शकतं. ज्या बाजूला मीठ असेल तिकडून टोक वळतं. ज्या बाजूला नत्राचा साठा असेल तिकडे फाटे फुटतात. हे सगळं झाडाकडे वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. पाहणाऱ्याला पानं दिसतात, आणि पानं उशिरा सांगतात.

राखेनं पिंपात दोन गोष्टी केल्या होत्या. क्षार वाढवले होते, आणि माती इतकी अल्कधर्मी केली होती की तिच्यातलं लोह मुळांना विरघळवून घेता येईना. पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या उपासमारीचं लक्षण. म्हणजे मिठामुळे मुळानं आतलं दार लावून घ्यायचं होतं, आणि लोहासाठी तेच दार उघडायचं होतं. दोन्ही एकाच वेळी. रानात झाड दुसरीकडे मूळ धाडतं. पिंपात दुसरीकडे म्हणून काही नसतं. मूळ वळून वळून प्लॅस्टिकला लागतं.

यावर उपाय कोणत्याही पुस्तकात सापडेल. भरपूर गोडं पाणी सोडून माती धुवायची. क्षार पाण्याबरोबर खालच्या भोकातून निघून जातात.

सासूबाई खाली ओट्याशी लसूण सोलत होत्या तेव्हा मी हे काढलं.

"मामी, झाड दुखवट्यानं सुकत नाहीये. राखेनं सुकतंय."

त्यांनी वर पाहिलं नाही. "राख खतच असती की. आमी वांग्याला घालतो. मिरचीला घालतो."

"तुम्ही शिंपडता. आणि ते वावर असतं. हे एवढंसं पिंप. त्यात तांब्याभर गेली."

"मंग काय करायचं म्हंता?"

"धुवावी लागेल माती. पाणी सोडून."

"आन् ते पानी कुठं जायाचं?"

"पिंपाला खाली भोक आहे. तिथून गच्चीच्या पन्हळीत."

"पन्हळ कुठं जाती?"

मी उत्तर दिलं. पन्हळ गल्लीतल्या गटारात जाते.

त्यांनी लसणाच्या साली पदरात गोळा केल्या. "तुमी शिकल्यालं मानूस," त्या म्हणाल्या. "परत ह्ये माझ्या म्होरं बोलू नका."

मी परत बोललो नाही. माझ्या मनातही हे काम करायची घाई नव्हती, हे खरं आहे. पट्टी निळी झाली तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं होतं की त्या मातीत काय आहे. मातीतला पोटॅश, सोडियम, चुना वेगळा काढून दाखवता येतो आणि तो कुठून आला हेही सांगता येतं. मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो की झाडाला त्यातलं कुठलंच कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं.

त्याच आठवड्यात मेहुणा आला. गच्चीवर जाऊन झाड बघून आला.

"दाजी, हे तर आयसीयूतलं दिसतंय राव," तो म्हणाला. "सोडा त्याला. मी नर्सरीतून फळं लागलेलं झाड आणतो. बिनबियांचं. मोठ्या कुंडीसकट."

"तुज्या गाडीगत हाय व्हय ते?" सासूबाई खालच्या खोलीतून म्हणाल्या. "दर साली नवं?"

"आई, मी चांगल्यासाठीच म्हणतोय."

"चांगलं करून करूनच रान संपलं."

तो माझ्याकडे बघून हसला, पण हसू पुरं झालं नाही. बहिणीचा तो लाडका होता. तिनं त्याला पहिल्या पगारातून सायकल घेऊन दिली होती, आणि तो हे सांगायचा तेव्हा नेहमी सायकलचा रंग सांगायचा. त्या दिवशी चहा न घेता गेला.

मे संपत आला. निम्म्या फांद्यांवर पान उरलं नव्हतं. एक गोष्ट आम्हा दोघांनाही माहीत होती, आणि कोणी ती तोंडानं म्हणत नव्हतं. पाऊस आला की तो हेच काम करणार होता. पिंप धुऊन निघणार, पाणी पन्हळीतून गटारात जाणार, आणि कोणाची परवानगी विचारली जाणार नव्हती.

एका दुपारी वळीव आला. मी कॉलेजातून येऊन कपडे बदलत होतो. जिन्यात पावलं वाजली. मी वर गेलो तेव्हा सासूबाई पिंपाजवळ उभ्या होत्या. पाण्याच्या टाकीवरची ताडपत्री त्यांनी ओढून काढली होती आणि दोन्ही हातांनी झाडावर धरली होती. वारा होता. ताडपत्रीचं एक टोक सुटून त्यांच्या तोंडावर आपटत होतं. मी दुसरी बाजू धरली. पाऊस थांबेपर्यंत आम्ही तसे उभे राहिलो. आमच्या अंगावर सगळं पाणी आलं, पिंपात फारसं गेलं नाही. काटे ताडपत्रीत अडकून एक फांदी मोडली. सासूबाईंनी ती हातात घेतली, आतून पाहिली. फांदी वाळलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला चहा दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"झाड तिनं लावलं," त्या म्हणाल्या. "राख आपुन टाकली."

मी कप खाली ठेवला.

"तिचं कुठलं, ह्ये मी रातभर इचार करत हुते. धुवा तुमी. पर गटारात न्हाई. ते पानी धरायचं. थेंब न्हाई सांडायचा."

"धरून काय करायचं?"

"रानात न्यायचं. माझ्या पोराला सांगा, पट्ट्याचा येक कोपरा रिकामा कर म्हनावं."

पाण्याच्या दिवशी आम्ही काम सुरू केलं. पिंप विटांवर चढवून तिरकं केलं, भोकाखाली घमेलं ठेवलं. नळाला नळी लावून खोडापासून लांब, पिंपाच्या कडेनं बारीक धार सोडली. माती आधी बराच वेळ नुसती पीत राहिली. मग भोकातून पाणी आलं, चहाच्या रंगाचं. घमेलं भरलं की मी ते कॅनमध्ये ओतायचो आणि दुसरं घमेलं सरकवायचो.

पहिलं घमेलं भरलं तेव्हा सासूबाईंनी त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मी त्यांना अडवू शकलो नसतो, इतक्या सहज त्यांनी ते केलं.

"खारट हाय," त्या म्हणाल्या.

मी पट्टी बुडवली. पट्टी निळी झाली.

मेहुणा गाडी घेऊन आला. पांढरी गाडी, आतल्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. मागे वर्तमानपत्रं पसरून आम्ही कॅन ठेवले.

"दाजी, ह्या गाडीत मी स्वतः चपला झटकून बसतो," तो म्हणाला.

"आज नको झटकूस," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे बसल्या.

तो एवढ्या हळू चालवत होता की मागचे दुचाकीवाले हॉर्न देत होते. पट्ट्यावर ट्रेलर रांगेनं उभे होते. तारांखाली एक कोपरा त्यानं मोकळा करून घेतला होता. एक ड्रायव्हर टायरला टेकून बसला होता. त्यानं कॅन उतरताना पाहिले.

"क्या है इसमें?"

"पानी है, भाई," मेहुणा म्हणाला.

"पानी तो इधर भी है. टंकी भरी पडी है."

"ये घर का है."

ड्रायव्हरनं मान हलवली आणि आमच्याकडे बघत राहिला.

आम्ही पहिला कॅन ओतला तर पाणी जिरेना. चाकांनी आणि ऑइलनं जमीन फरशीसारखी झाली होती. पाणी पसरून ट्रेलरच्या दिशेनं निघालं. सासूबाईंनी गाडीतून आणलेली कुदळ उचलली आणि खणायला लागल्या.

"आई, ठेव. मशीन बोलावतो, दोन मिनिटांत खड्डा काढून देईल."

"मशिनीनंच तर ही दशा झाली रानाची."

त्यानं त्यांच्या हातातून कुदळ घेतली. इस्त्रीचा शर्ट बाहेर काढून खणू लागला. चार घाव घातल्यावर थांबला, कमरेवर हात ठेवला.

"सवय गेली," तो म्हणाला.

"हुती कवा?" सासूबाई म्हणाल्या.

तो हसला आणि मग त्याला रडू आलं. कुदळीच्या दांड्यावर डोकं टेकून तो उभा राहिला. सासूबाई त्याच्याजवळ गेल्या नाहीत. त्या कॅनचं झाकण उघडून खड्डा व्हायची वाट पाहत राहिल्या. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा खणायला घेतलं. खाली काळी माती लागली. पाणी त्यात गेलं.

मग प्रत्येक पाण्याच्या दिवशी हे होत राहिलं. मी पट्टी बुडवायचो, त्या बोट बुडवायच्या. "आज कमी हाय," त्या म्हणायच्या. पट्टीचा रंगही निळ्यावरून हिरव्याकडे येत होता. एका सकाळी त्या म्हणाल्या, "गोडं झालं," आणि पदराला बोट पुसलं. त्या दिवसाचे कॅनही आम्ही पट्ट्यावर नेले. पुढच्या आठवड्यात पाऊस सुरू झाला. ताडपत्री टाकीवरच राहिली.

झाड जगेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं. माती धुतली म्हणून मुळं परत येत नाहीत. वाळलेल्या फांद्या मी कात्रीनं काढल्या. उरला तो एक बुंधा आणि तीनचार हिरवट काठ्या. लोहाची फवारणी केली. जुलैभर काही झालं नाही. सासूबाई रोज वर जात, बघत आणि खाली येऊन कामाला लागत. त्याच सुमारास तिच्या कंपनीतून तिचं सामान आलं होतं, डबा, छत्री, एक स्वेटर. सासूबाईंनी स्वेटर ठेवून घेतला. डबा मी कॉलेजला नेऊ लागलो.

ऑगस्टमध्ये एका काठीवर डोळा फुगला. मग दुसऱ्या. पानं आली ती हिरवी होती.

एका रविवारी मी पिंपाच्या कडेची माती बोटांनी बाजूला केली. वरच्या थरातली जुनी मुळं तपकिरी, पोकळ झाली होती, चिमटीत धरली की साल निघून आतला दोरा राहायचा. त्यांच्या खाली, पिंपाच्या कडेला, नवी मुळं होती. पांढरी, जाड टोकांची. जुन्या मुळांना फुटलेली. मातीत मधेमधे बारीक करड्या कण्या होत्या. मी एक उचलली, अंगठ्यानं दाबली. ती चुरली नाही. सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"ह्ये काय?"

खरं सांगायचं की नाही याचा मी विचार केला. मग सांगितलं.

"हाडाची कणी. पाण्यानं मीठ गेलं. हे पाण्यानं जात नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी कणी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"म्हंजी समदी गेली न्हाई."

"नाही."

"मंग ह्ये कशानं जातं?"

"मुळं टोकाशी आंबटसर रस सोडतात. त्यानं थोडं थोडं विरघळतं. त्यात फॉस्फरस असतो, झाडाला तो लागतो. मूळ कणीपाशी गेलं की घेतं."

"किती दिस लागत्यात?"

"वर्षं लागतात."

त्यांनी कणी परत मातीत ठेवली, मी जिथून उचलली होती तिथे नाही, नव्या मुळांच्या जवळ. वर माती ओढली.

"घेऊ द्या," त्या म्हणाल्या.

आता दिवाळी होऊन गेली आहे. दुखवट्याचं वर्ष म्हणून यंदा आमच्या घरी दिवाळी नव्हती. लिंबोणीला पानं आहेत, फुलं नाहीत. पट्ट्याचा कोपरा मेहुण्यानं अजून रिकामा ठेवला आहे. सासूबाई खालच्या खोलीत राहतात, मी कॉलेजला जातो. पिंपातल्या मातीत मीठ उरलेलं नाही. कण्यांमधला चुना आणि फॉस्फरस आहे.